आजी किती लांब?

पहिला फोटो काढून नुरझातने कॅमेरा वीतभर उजवीकडे सरकवला. "आज्जी, आता हलू नकोस! दोन फोटोंत जवळचं डावीकडे जास्त सरकतं, त्यावरून कॉम्प्युटर अंतर सांगतो."

"शहरातून दमून आलेल्या नातीला कुमिस द्यायचा सोडून फोटोसाठी उभी राहू होय?" तंबूच्या दारातली साइराकान आजी फणकारली आणि दुसरा फोटो निघायच्या आत डावीकडे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या बुधल्याकडे वळली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोंगर लांब होता, तंबूही जागच्या जागी होता. आजी मात्र नुरझातच्या नाकापासून वीतभर!

"सत्यानाश! तू हललीस म्हणून सगळं खोटं आलं." नुरझातने चिडून मान वर केली, तर कुमिसचा वाडगा खरोखरच तिच्या नाकाशी होता.

"खोटं काय बोललं बिचारं?" आजी म्हणाली. "तोंड उघड."