आन्स कालबासचा शंख

मी शंख बोलतोय. तुमच्या देवघरात गंध लावून बसतो तो नव्हे. तो माझा दूरचा, सोवळ्यातला भाऊबंद. मी कॅरिबियन समुद्रातला. दोन किलो वजन, पाठीवर बोथट शिंगं, आतून गुलाबी, असा रांगडा गडी. माझ्या ओठाचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला, तेच खरं तर सांगायचं आहे. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही ऑक्टावला उगाच दोष द्याल.

माझ्या आत एक मऊ जीव राहायचा. खाडीतल्या हिरव्या गवतावर आम्ही दोघं सावकाश सरकायचो. एके दिवशी विशीतला ऑक्टाव लारोक श्वास रोखून बुडी मारून आला आणि आम्हाला उचलून वर घेऊन गेला. त्याच्या बहिणीनं, फिलोनं, त्या जिवाचं नारळाच्या दुधात कालवण केलं. दोघांनी बोटं चाटली. मी रिकामा झालो. वाईट वाटलं का म्हणाल, तर वाटलं. पण वस्तूला रिकामं केल्याशिवाय माणूस तिच्याकडून काम घेत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

ऑक्टावनं करवतीनं माझं टोक कापलं, दगडावर घासून गुळगुळीत केलं आणि तोंडाला लावलं. पहिल्याच फुंकीला समोरच्या कड्यावरची बोकडं उधळली. तेव्हापासून चाळीस वर्षं मी आन्स कालबास गावाचा आवाज होतो.

गाव म्हणजे काय, मागं डोंगर, पुढं समुद्र, मधे नदी आणि नदीच्या तोंडाशी चादर पसरावी एवढी सपाट जागा. घरं सगळी त्या चादरीवर. चर्च तेवढं निम्म्या चढावर आणि त्याच्याही वर स्मशान. चर्चच्या पडवीत एका खुंटीवर मी टांगलेला असायचो. मला दोनच गोष्टी बोलता यायच्या. तुटक-तुटक तीन फुंकी म्हणजे मासे आलेत, भांडी घेऊन खाली या. छाती रिती होईपर्यंत एकच लांब फुंक म्हणजे पाणी किंवा दरड येतेय, सगळं टाका आणि वर चढा. शाळेत पाढे शिकायच्या आधी पोरं हे शिकायची.

आमचा देश लहान. सगळी माणसं तुमच्या एखाद्या तालुक्यात मावतील. पण पंतप्रधान आहे, संसद आहे, आणि मंत्री तर गल्लीगल्लीतले. आमच्या गावचाही एक होता. अल्फियस, फिलोचा मुलगा, म्हणजे ऑक्टावचा भाचा. तो संसदेत बोलायला उभा राहिला की फिलोच्या दुकानात रेडिओ लागायचा. दुकानात पाव, खारवलेला मासा आणि रम मिळायची. सगळे कान देऊन ऐकायचे आणि फिलो रेडिओला दटावायची, "सरळ उभा राहा रे. आणि नाक ओढू नकोस."

त्याच अल्फियसनं गावाला सरकारी सायरन आणून दिला. उद्घाटनाला त्यानं बटण दाबलं, सायरन वाजला आणि दोन तास थांबेचना. शेवटी कुणीतरी वायर तोडली. पुढं खाऱ्या वाऱ्यानं तो सहा महिन्यांत खाऊन टाकला. फिलो मुलाला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या सायरनपेक्षा माझा पाव जास्त दिवस टिकतो." अल्फियस हसला आणि त्यानं आपत्ती समितीच्या यादीत सहावं नाव स्वतःच्या हातानं घातलं: ऑक्टाव लारोक, शंख. तो कागद ऑक्टावनं फ्रेम करून घेतला होता.

एक आठवण सांगतो. एकदा जहाजातून उतरलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं माझे चाळीस अमेरिकन डॉलर देऊ केले. ऑक्टाव म्हणाला, फुकट न्या, पण आधी वाजवून दाखवा. त्या माणसानं गाल फुगवले, लालबुंद झाला. माझ्यातून नुसती थुंकी आली. बायका पोट धरून हसल्या. ऑक्टावनं मला पुसून खुंटीला लावलं आणि म्हणाला, "ह्याला पैसा लागत नाही. छाती लागते."

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी जूनमध्ये ऑक्टावला न्यूमोनिया झाला. बरा झाला, पण चढावर दोनदा थांबायला लागला. मला वाजवताना त्याचा श्वास मधेच घसरायचा, ते सगळ्यांत आधी मला कळायचं. फिलोनं दुकानात बैठक बोलावली. ती म्हणाली, शंख आता रोनेलकडे द्यावा. तरुण कोळी आहे, छाती भरदार आहे. ऑक्टाव कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. ज्यांना शंख रोनेलकडे जावा असं वाटतं त्यांनी हात वर करा, असं झालं.

एकही हात वर गेला नाही. रोनेलनं नजर जमिनीत घातली. फिलोनं स्वतःचा हात खांद्यापर्यंत नेला, भावाकडे पाहिलं आणि पदार्थाला मीठ लागलंय का बघावं तसा ओठांशी नेऊन खाली आणला. लहान गावात हात वर करणं सोपं नसतं. उद्या सकाळी त्याच माणसाकडून मासा घ्यायचा असतो.

"झालं?" ऑक्टाव उठला. "मी वाजवतो. तुम्ही फक्त ऐका."

ऑगस्टअखेरीस आमच्याकडे तितिरी येते. नखाएवढे, काचेसारखे मासे, हजारोंनी, समुद्रातून नदीत शिरतात. पाऊस होऊन गेला, नदीचं पाणी उतरलं की एखाद्या सकाळी अचानक येतात आणि तासाभरात संपतात. त्यासाठी सगळं गाव चादरी आणि घमेली घेऊन नदीच्या तोंडाशी धावतं. मग दिवसभर घराघरांतून तितिरीच्या वड्यांचा वास.

त्या वर्षी दीड दिवस पाऊस लागला आणि गुरुवारी सकाळी एकदम थांबला. ऑक्टाव वर आपल्या सुरणाच्या वाफ्यात किती नासाडी झाली ते बघायला गेला होता. तिथून त्याला दिसलं की नदी गुडघाभरसुद्धा राहिलेली नाही. एवढ्या पावसानंतर लगेच नदी बारीक होते, ती एकाच कारणानं. वर घळीत दरड कोसळली होती आणि तिच्यामागं पाणी तुंबत होतं.

साठी उलटलेला माणूस चिखलातून पळत चर्चपर्यंत आला. मला खुंटीवरून ओढलं. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यानं मला तोंडाला लावलं आणि लांब फुंकायला सुरुवात केली.

श्वास तुटला. परत लावलं. तुटला. परत. तुटला.

तीन तुटक फुंकी गेल्या.

खाली दारं उघडली. कुणीतरी आनंदानं ओरडलं, तितिरी. नदीही बारीक दिसत होती, जशी तितिरीला हवी तशीच. आम्ही वरून बघत होतो. फिलो निळं घमेलं काखेला मारून सगळ्यांच्या पुढं निघाली होती. ऑक्टावनं पुन्हा फुंकलं, पुन्हा तुटलं. म्हणजे त्यानं त्यांना पुन्हा बोलावलं. मग त्यानं मला टाकून दिलं, हात हलवत ओरडत सुटला. मी पायरीवर आपटलो. टवका उडाला तो तेव्हा.

लाटांच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही. मग डोंगर गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि चादरीवरची अर्धी घरं पुसली गेली. सहा माणसं गेली. सहाही जण नदीच्या तोंडाशी होते. निळं घमेलं तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीत सापडलं, फिलो सापडली नाही.

सरकारनं चौकशी नेमली. राजधानीहून निवृत्त न्यायाधीश बाई आल्या, चर्चच्या सभागृहात टेबल मांडून बसल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. पूर येत असताना ही माणसं नदीकडे का गेली? एकेक गावकरी उठला. कुणी म्हणालं, बकरी सोडवायला. कुणी म्हणालं, होडी बांधायला. कुणी म्हणालं, देव जाणे. माझं नाव कुणी काढलं नाही. कुणी ठरवून दिलं नव्हतं. बैठकीत हात जसे आपोआप खाली राहिले, तशाच जिभाही राहिल्या.

ऑक्टाव उठला. कोटाच्या आतून मला काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "त्यांना नदीनं नाही बोलावलं. मी बोलावलं."

आणि त्यानं तीन तुटक आणि एक लांब यांतला फरक त्यांना समजावला. मागून म्हातारी सेलेस्तीन म्हणाली, "खाली बस, ऑक्टाव. तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय." ती दटावत होती, पण रडत होती. तिचा नवरा त्या सहांतला होता.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, त्या सकाळी शंख ऐकलेलं दुसरं कुणी आहे का? पहिल्या रांगेतून काळ्या कोटातला अल्फियस उभा राहिला.

"मी ऐकला. तेव्हा मी फोनवर आईशी बोलत होतो. फुंक लांब होती, मॅडम. एकच आणि लांब."

शपथेवर. मंत्र्यानं. बाईंनी लिहून घेतलं. अहवालात दोष नदीचा आला.

त्यानंतर ऑक्टाव भाच्याशी बोलला नाही. भाच्यानंच सही करून गाव बंद केलं. डोंगरापलीकडे, समुद्र दिसत नाही अशा माळावर, सिमेंटच्या घरांची रांग बांधून दिली. घरं चांगली होती. पाणी नळाला होतं. पण मासे व्हॅनमधून यायचे, आणि व्हॅनवाला तीनदा भोंगा वाजवायचा तेव्हा बायका घमेलं हातात घेऊन उंबऱ्यातच थांबायच्या. कुणीतरी आधी बाहेर बघून यायचं. व्हॅनवाल्याला वाटायचं, ही माणसं घासाघीस करायला वेळ काढतात.

मी टीव्हीवर ठेवलेला होतो. फ्रेममधला कागद ऑक्टावनं काढून टाकला होता. पुढच्या निवडणुकीला अल्फियस उभा राहिला नाही. लोकांनी तर्क लढवले: पक्षानं कापला, पैसा खाल्ला, आजार झाला. लहान देशात तर्काला तोटा नसतो.

चार वर्षांनी ऑक्टावनं अंथरूण धरलं. एका दुपारी अल्फियस आला. खुर्ची ओढून बसला. दोघांची नजर टीव्हीवर, म्हणजे माझ्यावर, गेली.

"खोटं का बोललास?" ऑक्टावनं विचारलं. चार वर्षांतला हा पहिला शब्द. "मला माझ्या गुन्ह्याचासुद्धा धनी होऊ दिलं नाहीस."

"टोंटों," अल्फियस म्हणाला. आमच्याकडे मामाला असं म्हणतात. "फोनवर होतो, ते खरं होतं. तुझ्या तीन फुंकी मलाही ऐकू आल्या. आई म्हणाली, एवढ्या पावसात तितिरी कशी? थांबून बघते. मी म्हणालो, थांबू नकोस, संपून जाईल. मी रविवारी येतो, माझ्यासाठी वड्या कर."

ऑक्टावचा श्वास घरघरत होता. मला वाटलं, हा आता भाच्यावर हात उचलेल. त्यानं हात उचलला, तो अल्फियसच्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हणजे खुशीत गेली म्हणायची," तो म्हणाला.

एवढंच. पुढच्या मंगळवारी तो गेला.

बंद गावात राहायला मनाई आहे, पुरायला नाही. अल्फियसनं परवानगी काढली. प्रार्थना जुन्या चर्चमध्ये झाली. मग शवपेटी पडवीत आणली, तर माणसं तिथंच घुटमळली. खाली बघायला लागली. जिथं घरं होती तिथं गोटे पसरले होते आणि मधून नदी, बारीक, निरागस. कुणाचा पाय वर निघेना, कुणाचा खाली जाईना. चार वर्षांत पहिल्यांदाच सगळं गाव त्या पायरीवर उभं होतं.

अल्फियसनं मला आणलं होतं. त्यानं मला तोंडाला लावलं. त्यालाही लहानपणी मामानंच शिकवलं होतं. टवक्याच्या जागी अंगठा धरला आणि छाती रिती होईपर्यंत फुंकलं. एकच. लांब. न तुटता. त्या गुरुवारी यायला हवी होती ती.

आवाज कड्यावर आपटून परत आला. आणि माणसं वळली. म्हातारी सेलेस्तीन वळली, रोनेलनं पेटीला खांदा दिला, बायकांनी झगे गुडघ्यापर्यंत उचलले. सगळं गाव वर चढायला लागलं.

आता मी ऑक्टावच्या थडग्यावर आहे. शेजारी फिलोच्या नावाचा दगड, खाली कुणी नसलेला. त्यावर निळं घमेलं पालथं घातलंय. मला उपडं ठेवलंय, पाणी साचू नये म्हणून. मीठ आणि ऊन मला हळूहळू खडूसारखं पांढरं करतंय. एक सरडा आत राहायला आला आहे. पुष्कळ वर्षांनी माझ्या आत पुन्हा एक जीव आहे. मला त्याची सवय होतेय.

कधी या बाजूला आलात तर मला कानाला लावून बघाल, सगळे तसंच करतात. माझी हरकत नाही. तोंडाला लावायचं तेवढं मात्र विचार करून लावा. खाली कुणी ऐकत असेल. छातीत दम असेल तरच मला उचला. नसेल तर ज्याच्या छातीत आहे त्याच्या हातात द्या, आणि शेजारी उभे राहा.