हौदाखालचे गवत

गोरक्षाच्या गोठ्यातला हौद त्या सकाळीही कोरडा होता, आणि रात्री व्यालेली त्याची जर्शी गाय हौदाचा तळ जिभेने खरवडीत होती. घरातून घागरी आणून तिला पाजता पाजता गोरक्षाचा संताप मस्तकात गेला. बोअरचे पाणी बांधावरच्या एकाच टाकीत चढे आणि तिथून दोन नळ्यांनी दोघा भावांच्या हौदांत उतरे. धाकट्या आसारामचा हौद सखल अंगाला. त्याच्या फ्लोटचा रबरी वायसर झिजला असावा; हौद भरला तरी पाणी थांबत नसे. ते रात्रभर काठावरून वाहत राही आणि टाकी रिती होई. दोनदा गोरक्षाने खर्ड्याच्या बाजारातून नवे वायसर आणून भावाच्या हातावर ठेवले. दोन्ही वेळा आसारामने ते आदबीने घेतले, आणि गळती होती तशीच राहिली.

गोरक्षाने टाकी भरायला मोटार चालू केली, नवा वायसर खिशात टाकला, पाना उचलला आणि बांध ओलांडला.

आसाराम डेअरीला दूध घालायला गेला होता. त्याची बायको भारती शेण भरीत होती. थोरल्या दिराला पाहून तिने पदर सावरला. शेणाची पाटी मात्र खाली ठेवली नाही.

"हौदाला हात लावू नका, दादा. ते आले की बगतील."

"त्याच्या बगन्यानं माझी ओली गाय तहानेनं मरायची."

"आमी काय तिचं तोंड बांधलंय व्हय?"

गोरक्षाने नळीची चावी बंद करून फ्लोट खोलला. आतला वायसर कोरा करकरीत होता, त्यानेच आणलेला. पण वायसर आणि नळीचे तोंड यांच्यामध्ये लिंबाची एक काडी, नीट तासून, बसवलेली होती.

काडी चिमटीत धरून त्याने प्रथमच हौदाखाली निरखून पाहिले. सांडलेले पाणी एका बारीक पाटाने वळवले होते, आणि सगळे शिवार करपले असताना पाटाच्या दोन्ही अंगांना छातीएवढे हिरवे हत्तीगवत उभे होते. वाटणीत बोअर गोरक्षाकडे आला होता. आसारामच्या गुरांना पिण्यापुरते पाणी द्यायचे, रानाला थेंब नाही, ही अट पंचांसमोर गोरक्षानेच घातली होती.

"ही चोरी हाय, भारती."

"कशाची चोरी? पानी गाईंचं, अन् गवत बी गाईच खात्यात. आमी न्हाई खाल्लं."

गोरक्ष अधिकच भडकला. आपला वायसर बसवून त्याने आटे करकरेपर्यंत आवळले आणि चावी पुन्हा उघडली. तेवढ्यात आसारामची मोटारसायकल आली. पाना आणि काडी पाहून तो काय ते समजला.

"कशाला तरास घेतला, दादा? जुना बी चांगलाच हुता."

"पानी पायजे हुतं तर मागायचं."

"मागितलं हुतं की, पंचांसमोर. तुमी हसला हुता."

गोरक्ष तडक टाकीपाशी गेला आणि त्याने आसारामच्या नळीची चावी गच्च फिरवली. खाली आसारामच्या गाई हौदावर जमल्या. त्या प्यायल्या, पातळी बोटभर उतरली, फ्लोट खाली गेला, आणि नळीतून थेंब आला नाही. एका गाईने मान उचलून कोरड्या तोटीला नाक लावले.

गुरांचे पाणी कधी तोडायचे नाही, हेही त्याच अटीत होते. गोरक्षाने चावी पुन्हा उघडली. तिथूनच तो आसारामवर ओरडला.

"मोटार चालू हाय तवर तासभर गवताला निराळी नळी लाव. हौदातून न्हाई."

"उपकार नगं मला."

"तुझ्यावर कोन करतंय? माझ्या गाईला रातीला पानी पायजे, म्हनून."

"मग नळी बी तुमीच आना."

"काडी तासायला अक्कल हुती, नळी आनायला न्हाई व्हय?"

तो परतला तेव्हा त्याच्या हौदात वीतभर पाणी चढले होते. गाय पीत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून गोरक्ष भावाला मोठ्याने शिव्या देत राहिला, आणि बांधापलीकडून तितक्याच मोठ्याने त्याला उत्तरे येत राहिली.