खुनी कोण ठरवायचा?

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा रचायची म्हणून विद्याश्रीनं राजवीरला घरी बोलावलं. कारण अगदीच खोटं नव्हतं. राजारामपुरीत क्लासच्या पोरांना गणित शिकवून उरलेल्या वेळात ही बाई रहस्यकथा लिहायची, आणि अंकवाले त्या छापायचेही. पण या खेपेला तिला गोष्टीतला नव्हे, खराखुरा खुनी हवा होता. आणि तो, तिच्या मते, समोरच्या खुर्चीत बसून भडंग खात होता.

राजवीर म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, संगमेशचा, जिवाभावाचा दोस्त. कागलच्या एमआयडीसीत दोघांचं भागीदारीतलं वर्कशॉप. दोन वर्षांमागं दोघं काजूच्या कारखान्याचं मशीन बसवायला चंदगडला गेले आणि परत आला तो एकटा राजवीर. संगमेश ताम्रपर्णीच्या डोहात बुडाला. 'मी रस्त्यावर जीप दुरुस्त करत होतो,' असं राजवीरनं सांगितलं, पोलिसांनी 'पाय घसरला' असं लिहिलं, विषय संपला.

घरात तो कसला संपतोय! काठावर कपड्यांची घडी सापडली, आणि त्या घडीवर संगमेशच्या गळ्यातलं इष्टलिंग. अहो, लिंगायताच्या पोराच्या गळ्यात जन्मताच बांधलेलं लिंग अंघोळीलाही उतरत नाही. माणूस मेला की त्याच्यासंगट मातीत जातं. आईनं, रत्नव्वानं (सगळेच तिला आव्वा म्हणत), ते बघितलं आणि एकच अर्थ काढला. पोरानं जगणं सोडलं, जीव दिला. निघायच्या आदल्या दिवशी लग्नावरून भांडण झालं होतं आणि 'जा, तोंड काळं कर,' असं ती त्याला बोलली होती. आपल्या जिभेनं पोर खाल्लं, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. बाहेर मात्र यातलं अक्षर नाही. राजवीरलासुद्धा नाही. घरातली अशी गोष्ट चव्हाट्यावर कोण मांडणार?

विद्याश्रीला हे पटत नव्हतं. भावानं लिंग काढलं नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी काढलं. आणि तिथं दुसरा होता कोण? वर्कशॉपचा धनी आज कोण होता? तिचं उत्तर तयार होतं, फक्त गुन्हेगाराच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"आधी जागा ठरवू," ती म्हणाली. "नदी. रानातला डोह."

राजवीरचा हात भडंगाच्या ताटलीत थांबला. "अक्का, दुसरी जागा बघा की. पन्हाळा हाय, तटबंदी हाय..."

"नदीच. आता माणसं. दोन भागीदार, लंगोटीयार. एक डोहात मरतो."

आत रत्नव्वा भाकऱ्या थापत होती. विद्याश्रीनं आवाज खाली आणला.

"आता कट ऐक. मेलेल्याचे कपडे काठावर नीट ठेवलेले. वर गळ्यातलं लिंग. सगळ्यांना वाटतं, यानं जीव दिला. पण लिंग त्यानं काढलेलंच नाही, खुन्यानं काढलंय. त्याला काय ठाऊक, आमच्यात ते काढत नाहीत! त्याला वाटलं, साखळी-घड्याळासारखंच हे. तिथंच बेटा फसला."

राजवीर पांढराफटक पडला. आता हा उसळेल, नाहीतर पायांवर लोळण घेईल, असं तिला वाटलं. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही.

"जीव दिला असं कशापायी वाटंल?" त्यानं विचारलं.

"लिंग उतरवलं म्हणजे जगणं सोडलं. आमच्यात असंच समजतात."

"म्हंजे... आव्वाला बी तसंच वाटतंय?"

"तू गोष्टीचं बोल! खुनी कोण?"

"अक्का, त्येनंच काढलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"तू तर जीपजवळ होतास."

"न्हवतो."

हेच तर ऐकायचं होतं विद्याश्रीला, आणि आता ऐकवेना.

"गावठी कोंबडं केलतं आमी डोहावर," राजवीर खाली मान घालून म्हणाला. "फिरतीवर गेलो की करायचो. त्यो आधी लिंग काढून कपड्यावर ठेवायचा. कोंबडीचा हात लिंगाला लागू न्हाय म्हणून. जेवण झालं की डोक्यावरनं अंघोळ, मगच परत गळ्यात. त्या दिशी पाण्याला वढ हुती. म्हणलं, काठावर दोन तांबे घे की गड्या. न्हाय म्हणला, बुडी मारल्याबिगर घालायचं न्हाय. आणि मला पवता येत न्हाय, अक्का. नुसता वरडत ऱ्हायलो."

"आणि जीप?"

"थाप. आव्वाला कळू दिऊ नको, अशी आण घातलीती त्येनं. हाडं पुरली, पातेलं फेकलं. म्हणलं, दोस्त गेला, निदान त्येची अब्रू तरी राखूया."

"गाढवा!" विद्याश्री ताडकन उठली. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावं असंही वाटलं. "दोन वर्षं माझी आई जळतेय. दोन वर्षं मी तुला खुनी समजतेय. आणि तू अब्रू राखतोयस?"

"मला काय ठावं, तुमी मनात काय धरून बसलाय ते? सांगितलं का कुणी?"

हे घर असं, की कपबशीला अंड्याचा वास आला तर आव्वा ती कपबशी फोडायची. खरं सांगावं तर पोर मेल्यावर बाटणार. न सांगावं तर आई मरेपर्यंत स्वतःलाच खुनी समजणार. गोष्टीत अशा वेळी विद्याश्री पान बदलायची. इथं पानच नव्हतं.

"मी सांगतो," राजवीर म्हणाला. "आण मोडली तर मोडली. फार तर मला उंबऱ्याभायेर काढंल." तो उठला.

तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं, भाकरीची थाप कधीची थांबलीय. रत्नव्वा पिठाच्या हातांनी दारात उभी होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता.

"लिंग परत घालायचं म्हणून पाण्यात उतरला?" तिनं विचारलं.

"व्हय आव्वा. बुडी मारायच्या आधी म्हणला, जपून ठेव रं, पायदळी येऊ दिऊ नको."

"माझ्यावर राग हुता त्येचा?"

"वाटंत शिव्या घातल्या तुम्हाला दोन-चार. मग म्हणला, जाताना बाजारातनं चांगल्यातलं काजू घेऊ, आव्वाला आवडत्यात."

रत्नव्वा भिंतीला टेकत खाली बसली. कोंबडं. डोह. तिच्या पोराचं असलं खाणं. विद्याश्री पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तो तिनं हातानं बाजूला सारला. तिची नजर राजवीरवर होती. आता ही तोंडाला येईल ते बोलणार, म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

"पोटभर जेवलाता का रं त्यो?" रत्नव्वा म्हणाली.

राजवीरनं डोळे उघडले. "व्हय आव्वा," तो म्हणाला. "माझ्या वाटणीचं बी खाल्लं त्येनं."