जायफळाचे वेढे

अनुपमाने ओल्या सहाणेवर जायफळ टेकवलं, एक वेढा दिला, दाराकडे पाहिलं आणि पटकन आणखी दोन दिले. घुटी ओठांना लागताच सहा महिन्यांच्या छकुलीने तोंड वेडंवाकडं केलं, पण बिचारीने गिळली.

सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला अमडापूरला गेल्या, त्या जाताना बजावून गेल्या होत्या, "बदाम, हळकुंड कमीजास्त झालं त चालते. जायफळ झोपेचं असते. त्याचा एकच वेढा देजो, तोबी दिवसातून एकदाच."

धाड गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये अनुपमा लग्नाआधीपासून शिकवत होती, ते बाळंतपणात सुटलं होतं. अर्ध्या दिवसासाठी तिला परत बोलावणं आलं, तेव्हा नवरा, गोपाल, बराच कुरकुरला. शेतातल्या शेडनेटच्या जाळीत मिरचीचं बियाणं धरलं होतं. बाया सकाळी एकेका फुलाला हाताने पराग लावायच्या, आणि उमललेलं फूल काही कुणासाठी थांबत नाही.

"झोळी जाळीतच बांधतो," तो शेवटी म्हणाला होता. "पण पोरगी रडली अन् बायायचे हात थांबले, त नोकरी बंद. मंग मले काही म्हणू नको."

"नाही रडणार ती."

शब्द अनुपमाने दिला, आणि तो पाळायचं ओझं त्या एवढ्याशा जिवावर पडलं.

छकुली खरंच रडेना. "गुणाची हाय लेक. हूं नाही की चूं नाही," गोपाल कौतुकाने सांगायचा. अनुपमाला क्लासमध्ये पुन्हा आपलं नाव सापडल्यासारखं वाटत होतं. अलीकडे मात्र पोर दूध पिता पिता मध्येच डोळे मिटून घ्यायची. उन्हाने असेल, असं ती स्वतःला समजवायची, तरी मनात पाल चुकचुकायचीच.

त्या दुपारी ती परतली आणि थेट जाळीत शिरली. छकुलीच्या पापणीवर माशी बसली होती. पापणी हलत नव्हती. झोळीखाली, पाण्याच्या माठाजवळ, एक चपटा दगड होता आणि त्यावर तपकिरी ओला लेप. वास तिने लगेच ओळखला.

"हे काय?"

"घुटी." गोपाल लाजल्यासारखा हसला. "आई रोज देत होती न. सकाळी तुही धांदल असते, म्हणून मीच देऊन राह्यलो. जायफळ चार वेढे घासतो. पोरगी रडली असती त तुही नोकरी गेली असती न."

अनुपमाला त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं, पण कोणत्या तोंडाने ओरडणार?

"तू त घरून देत नाही न?" त्याने सहज विचारलं.

तिने छकुलीला उचललं. मान तिच्या दंडावर सैल कलंडली.

"अनुपमा, देत नाही न?"

"गाडी काढा," ती म्हणाली. "दवाखान्यात चला."

त्याचा चेहरा उतरला. तो गाडीकडे पळत सुटला. अनुपमाने माठातलं पाणी पोरीच्या तोंडावर शिंपडलं, इवल्याशा तळपायाला चिमटा काढला, मग आणखी जोरात काढला.

"रड," ती म्हणाली. "रड वं माय. एकदा रड."

फुलांवरचे बायांचे हात एकेक करत थांबले. सगळ्या जणी कान देऊन उभ्या होत्या.