नुसतं टोचलेलं कार्ड

मणी म्हणजे काय बंदुकीच्या गोळ्या आहेत का हो? तुरुंगाच्या ऑफिसात फोन करून तिथल्या बाईला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, नियम आहे." मी म्हटलं, "तो नियम घाला चुलीत." तिने फोन ठेवून दिला. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवलाच असता.

माझा मुलगा ब्रॉडी पाच वर्षं आत आहे. गोळ्यांचं व्यसन लागलं आणि त्यापायी त्याने औषधाचं दुकान फोडलं. केलं ते केलं, मी काही त्याची वकिली करत नाही. पण तो एक वर्षाचा झाला तेव्हापासून त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला मी भरतकामाचं कार्ड केलंय. आधीच्या तुरुंगातही ती कार्डं बिनबोभाट पोचायची. गेल्या उन्हाळ्यात त्याला आमच्या नेब्रास्का राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलं. पाच तासांचा रस्ता, आणि माझ्या डोळ्यांमुळे माझं गाडीचं लायसन्स गेलेलं. येत्या सोळा मार्चला तो तीस वर्षांचा होणार होता. मला जाता येत नाही, निदान माझ्या हातचं कार्ड तरी त्याच्या हातात पडावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आमच्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्ही सात जणी कार्डं करतो. जाड कागदावर नक्षी ठेवायची, सुईने भोकं पाडून घ्यायची, मग त्या भोकांतून रेशीम ओवायचं आणि जिथे शोभेल तिथे मणी. मागची बाजू सगळी गुंत्याची दिसते, म्हणून तिच्यावर दुसरा कागद डकवायचा. आमच्यातली अर्डिस म्हणते, मागची बाजू फक्त देवाला आणि सासूला दिसते.

जानेवारीत मी लाल कार्डिनल पक्षी भरला, एकशे बारा मणी लावून. अकरा दिवसांनी पाकीट परत. आत पिवळी चिठ्ठी, 'चिकटवलेल्या वस्तू'. बरं बाबा, मणी नकोत. नुसत्या रेशमाने पुन्हा भरला. परत! 'धागा. दुहेरी कागद.' दोन कागदांच्या मध्ये म्हणे लोक अंमली पदार्थ लपवतात. मग मी भरतकामच सोडलं आणि रंगीत पेन्सिलीने पक्षी काढून पाठवला. तोही परत आला, 'रंगाची खात्री नाही'. रंगातही म्हणे काहीबाही मिसळतात. मी ते पाकीट तळघरात टेबलावर आपटलं.

"दाखव बघू," अर्डिस म्हणाली. तिने चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "अगं लव्हॉन, हा पक्षी की बटाटा? तुरुंगवाल्यांनी उपकारच केलेत तुझ्यावर."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी रडायलाच लागले, तेव्हा कुठे गप्प झाल्या. रडायचं नव्हतं मला, पण वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि मी हात टेकले होते.

अर्डिसने खुर्ची जवळ ओढली. "धागा नको, मणी नको, रंग नको, दुहेरी कागद नको. मग राहिलं काय?"

"माझं कपाळ."

"भोकं राहिली ना! नुसतं टोच. ओवायच्या आधी आपण कार्ड उजेडापुढे धरून बघतोच की नाही, सगळी भोकं पडलीत का म्हणून? तेवढंच पाठव. भोकांत काय सापडणार आहे त्यांना?"

मला ते एकदम पटलं. मी पांढरं कोरं कार्ड घेतलं, खाली लोकरीचा जाड नमदा ठेवला आणि सगळ्यात बारीक सुईने टोचायला बसले. पक्षी टोचला, त्याचा तुरा, प्रत्येक पीस. खाली 'ब्रॉडी' आणि 'तीस', आणि कोपऱ्यात 'आई'. पेनाचा ठिपकासुद्धा ठेवला नाही, शाईवरून पुन्हा काही खुसपट काढायला नको. दोन दिवस बोटं सुजली होती. खिडकीशी धरलं तर पक्षी असा लखलखला की बाकीच्या सहा जणी एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. त्याच्या कोठडीला खिडकी आहे, त्यानेच सांगितलं होतं. पत्र पाठवायचा पत्ता तेवढा मध्यंतरी बदलला होता, दुसऱ्याच राज्यातला. मला वाटलं, असेल त्यांचं एखादं ऑफिस तिकडे.

ह्या वेळी पाकीट परत आलं नाही. सोळा तारखेला अर्डिस लिंबाचा केक घेऊन आली आणि आम्ही ब्रॉडीच्या नावाने तो खाल्लासुद्धा.

ब्रॉडी दर रविवारी फोन करतो. कार्डाचं मी त्याला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आपल्याला तिथे फोन लावून त्याला बोलावता येत नाही, त्याने केला तर केला. मी ऑफिसातल्या त्याच बाईला फोन केला, ह्या वेळी अगदी गोड आवाजात. "मॅडम, कैद्यांबद्दल फोनवर काही सांगता येत नाही." आजारी आहे का? मारामारी झाली का? "सांगता येत नाही, मॅडम." माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

चौथ्या रविवारी दुपारी फोन वाजला.

"कुठे होतास मेल्या?" मी ओरडलेच.

"इथेच. मी कुठे जाणार?"

"कार्ड मिळालं?"

"मिळालं." मग म्हणाला, "मला कळलं, आई. चुकलं नाही तुझं काही."

"काय कळलं?"

"नाताळात तूच म्हणालीस ना, 'आता तुझ्याशी बोलायला माझ्याकडे एक अक्षर उरलेलं नाही' म्हणून. मला वाटलं रागात बोललीस. पण पाकिटावर तुझं अक्षर आणि आत कोरा कागद. म्हटलं, आता हिला त्रास द्यायचा नाही."

"अरे, कोरा कसा असेल? उजेडाशी धर ना! भोकं आहेत त्यात!"

"कसली भोकं? आई, मूळ पत्र इथे कुणालाच मिळत नाही आता. सगळं टपाल तिकडे एका कंपनीत जातं, ते झेरॉक्स काढून पाठवतात. मूळ कागद मशीनमध्ये घालून फाडून टाकतात."

मग मी सांगत सुटले. पक्षी कसा आहे, तुरा कुठे, चोच कुठे, त्याचं नाव कसं टोचलं, कोपऱ्यात 'आई' कसं लिहिलं. आधी मणी लावले होते, ते परत आले, मग रेशीम परत आलं. नाताळात बोलले ते तोंडाला येईल ते बोलले, माझं तोंडच तसं आहे, तुला ठाऊक नाही का? मध्येच ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, एक मिनिट उरलं आहे. मी आणखी भरभर बोलायला लागले. मलाच ऐकू येत होतं, सुचेल तशी थाप मारणाऱ्या माणसासारखं ते वाटत होतं.

"छान आहे गं, आई," ब्रॉडी म्हणाला. "छान पक्षी आहे."

तो सात वर्षांचा असताना त्याचं कुत्रं गाडीखाली गेलं. मी त्याला सांगितलं, ते एका मोठ्या शेतावर राहायला गेलंय. तेव्हा तो माझा हात थोपटून अगदी ह्याच आवाजात म्हणाला होता, "छान आहे, आई."

"ब्रॉडी, देवाशप्पथ—" मी म्हटलं, तोवर फोन कट झाला होता. तिथे उलटा फोन लागत नाही. तरी मी तो नंबर चार वेळा फिरवला.