चादरीची दोन टोकं

“कोणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं. रडगाणं उंबऱ्याच्या आत.”

आईचा हा आवाज तिच्यात इतका मुरला होता की, वकीलबाईंनी “कशा आहात?” विचारताच तिच्या तोंडून आपसूक निघालं, “बरं आहे.”

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो, तुम्हाला देशाबाहेर काढायला निघालेत. त्यात बरं काय आहे?”

वकीलबाईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मार्ग दोनच होते. एक, चोरीचा जुना खटला पुन्हा उघडायचा. तेव्हा ती एका घरी राहून कामाला होती. मालकिणीने तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवला होता. एके दिवशी तो काढून घेऊन ती निघून आली, आणि मालकिणीने तिच्यावर चोरीचा आळ घेतला. त्या वेळच्या वकिलाने सांगितलं होतं, ‘गुन्हा कबूल आहे म्हणा, आजच सुटाल.’ ती कबूल म्हणाली आणि सुटली. आता तीच कबुली मुळावर आली होती; गुन्हेगार म्हणून तिला देशाबाहेर काढत होते.

दुसरा मार्ग, आई गेली तर इथेच जन्मलेल्या लेकीचे हाल होतील, हे न्यायाधीशांना पटवायचं.

“पण शाळेच्या बाई मुलीशी बोलल्या, तर त्यांना ती म्हणाली, सगळं छान आहे. आणि त्या घरात काय सोसलंत, ते तुम्ही सांगत नाही. मी काय वाऱ्याशी भांडू?”

“सोसलं म्हणजे… चालायचंच हो.”

“कोर्टात नाही चालत. परवा सकाळी या. तोंड उघडणार असाल तरच या.”

घरी लेक अभ्यास करत होती. तुरुतुरु धावते म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणत. सगळे म्हणजे एकटी आईच. न्हाणीघराच्या दाराआड आईला एक चादर वाळत घातलेली दिसली. लाँड्रीत तिचं दिवसभराचं काम चादरींच्या घड्या घालायचं, जोडीदारणीसोबत. सवयीने तिने चादर ओढून काढली.

“खारू, धर टोक.”

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. पहिली घडी पडली आणि तिच्या हाताला चादरीचा मधला भाग ओला लागला.

“कालच बदलली होती ना ही?”

“पाणी सांडलं.”

“झोपेत?”

खारू हसली नाही. “मी धुतली ना माझी मी. तुला लाँड्रीत काय कमी असतात चादरी?”

“कधीपासून होतंय हे?”

“तो सरकारी कागद आला तेव्हापासून.”

“मग शाळेच्या बाईंना का नाही सांगितलंस?”

“तूच म्हणतेस ना, विचारलं तर बरं आहे म्हणायचं.”

टोकाला टोक जुळवायला दोघी एकेक पाऊल पुढे आल्या. घडीची कड काही सरळ बसेना. रोज शेकडो चादरी दुमडणारे तिचे हात तिथेच थांबले.

“आता विचारलं तर खरं सांगशील?”

“तू सांगशील?”

“मी काय सांगू?”

खारूने टोक न सोडता हनुवटीनेच आईच्या हाताकडे खूण केली. कोपराखाली टोकदार, काळपट डाग होता.

“त्या मालकीणबाईंनी केलंय ना ते? मला म्हणतेस, तव्याचा चटका बसला.”

“तव्याचाच आहे तो.”

“तवा गोल असतो, आई. इस्त्रीला टोक असतं.”

आईने बाही खाली ओढली. खारू चादर धरून तशीच उभी होती.

“सांगेन,” आई म्हणाली.

“शप्पथ?”

“शप्पथ. ये इकडे, शेवटची घडी राहिली.”

ठरल्या सकाळी ती लाँड्रीच्या फाटकावरून पुढे निघाली. जोडीदारीण आत शिरतच होती.

“अगं ए महाराणी, कुठे? तुझं टोक काय फाटकाला बांधू? बरं आहे ना सगळं?”

तिचे ओठ सवयीने ‘बरं’ म्हणायला मिटले.

“नाही,” ती म्हणाली. “बरं नाहीये.”

जोडीदारणीचं हसू विरलं. खारूच्या आईने आपली बाही कोपरापर्यंत दुमडली, नीट दाबून बसवली, आणि ती वकीलबाईंच्या जिन्याकडे चालू लागली.