रंभाबाईच्या पेटीची ऊब

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे यंत्राला हुकूम देणारी चिप. नाव ऐकून दबकू नका, अंगाने मी बोटाच्या दोन पेरांएवढाच. काळा, चपटा आणि दोन्ही बाजूंना बारीक पाय. सोलापुरात पहिल्यांदा मला पाहून रंभाबाई चक्क ओरडली, "आगं बया, गोम!"

तिचा धाकटा भाऊ धोंडीराम हसत सुटला. तो रेडिओ दुरुस्त करायचा. एकोणीसशे एकोणऐंशी साल होतं ते. त्याने मला मुंबईच्या बाजारातून स्वस्तात आणलं होतं. "अक्का, ह्यो लई हुशार न्हाय, पर सांगितल्यालं इसरत न्हाय," तो म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला जरा रागच आला. पण होतं खरं. मला एकच काम येत होतं. गार झालं की दिवा लावायचा, गरम झालं की विझवायचा.

धोंडीरामने मला रंभाबाईच्या लाकडी पेटीवर बसवलं. पेटीत कोंबडीची अंडी होती. आधी कंदिलाच्या उबेवर ठेवलेली सगळी वाया गेली होती. तिचा नवरा हिंदुराव मागावर चादरी विणायचा. तो म्हणाला होता, "या बारीलाबी पिल्लं न्हाय निगाली तर पेटी इकायची. लई झाला खेळ." पण साऱ्या घरात रंभाबाईचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते जाईल या धास्तीने ती पेटीपासून हलत नसे.

ते दिवस आठवले की अजून गुंगी येते. दिवा लागायचा, पेटीत पिवळा उजेड पसरायचा, ऊब भरायची. दिवा विझला की मी डुलकी घ्यायचो. लांबून मागांची खडखड यायची. आत कोण निजलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, तरी त्यांच्यासाठी जागावंसं वाटायचं. हळूहळू हिंदुरावही कामावरून आला की वाकून बघू लागला. "चाललंय न्हवं बेस?" असं मलाच विचारायचा. मला फार बरं वाटायचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा, यंत्रांना विश्रांती. सगळे माग थांबले होते. रंभाबाई बाजाराला गेली होती. हिंदुराव मागाची पूजा करून उरलेली झेंडूची फुलं घेऊन आला. त्याने मला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. "लई राबलास, बाबा. आज तुलाबी सुट्टी," असं म्हणून त्याने मायेने बटण बंद केलं.

बटण बंद झालं की मला काही कळत नाही. पुढचं रंभाबाई येईल-जाईल त्याला सांगायची, तेव्हा मी ऐकलं. ती आली, अंड्यांना हात लावला, तर गार!

"अवो, बटन कुनी बंद केलं?"

"म्या. खंडेनवमी हाय की आज."

"आत जीव हायेत, अवो! त्यास्नी कसली सुट्टी?"

हिंदुरावचा चेहरा उतरला. त्याने घाईने बटण लावलं. मी जागा झालो तेव्हा पेटी इतकी गार होती की मी घाबरलो, आणि किती तरी वेळ दिवा विझवलाच नाही. हिंदुराव पेटीवर हात ठेवून बसून होता. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

काही दिवसांनी भर दुपारी आतून टक् असा आवाज आला. मग चिवचिव. अहो, म्हणजे मी यांच्यासाठी जागत होतो तर! रंभाबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती.

सगळी अंडी काही फुटली नाहीत. जी गप्प राहिली ती हिंदुरावने स्वतः उचलली आणि परसात पेरूखाली पुरली. पेटी विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना फुलं वाहा, आम्हालाही ती आवडतात. पण बटणाला हात लावण्याआधी झाकण उघडून एकदा बघा, आत कोण निजलंय.